उपाशी बी

स्वीट कॉर्नच्या बियाण्याचं पाकीट फोडा, चार दाणे तळहातावर घ्या आणि शेजारी घरच्या मक्याचे चार दाणे ठेवा. घरचा दाणा टपोरा, चकचकीत, नखाला दाद न देणारा. स्वीट कॉर्नचा दाणा चपटा, आक्रसलेला, अंगभर सुरकुत्या आणि वरून बुरशीनाशकाचा गुलाबी रंग. पहिल्यांदाच बघणाऱ्याला वाटावं, कृषी केंद्रवाल्याने मुदत संपलेला माल गळ्यात मारला. शंभर-शंभर दाणे तोलून पाहिले, तर हा घरच्या मक्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो.

फसवणूक मात्र काही नाही. ज्या कारणाने कणीस गोड लागतं, त्याच कारणाने बी सुरकुततं. आणि जळगाव जिल्ह्यातल्या नशिराबादच्या शिवारात वीस गुंठ्यांवर हे पीक घ्यायचं ठरवलं, तर नांगरट, वखराच्या पाळ्या, वाफशाची वाट बघणं, दोन बोटांपेक्षा खोल न पेरण्याचा हट्ट, यातलं जवळजवळ प्रत्येक काम या सुरकुत्यांपाशी येऊन पोचतं.

मक्याच्या दाण्यात एका बाजूला इवलासा अंकुर असतो आणि उरलेला सगळा भाग म्हणजे त्या अंकुराची शिदोरी. पान उन्हात साखर बनवतं, ती साखर ताटातून वाहत कणसात येते आणि दाण्यात शिरली की एकामागून एक विकरं तिला जोडून जोडून तिचा स्टार्च करतात. स्टार्च विरघळत नाही, जागा कमी घेतो, वाळला तरी आकार धरून राहतो. म्हणून जुन्या मक्याचा दाणा वाळूनही टपोरा. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वीट कॉर्नमध्ये या साखळीतल्या सुरुवातीच्याच एका विकराचं जनुक बिघडलेलं आहे. साखर येत राहते, पण पुढे सरकत नाही. ती विरघळलेलीच राहते आणि पाणी धरून ठेवते, त्यामुळे कोवळा दाणा रसाने तट्ट फुगतो. तोच दाणा बियाण्यासाठी ताटावर वाळू दिला की पाणी उडून जातं, आत भरायला काही उरत नाही आणि साल आत ओढली जाते.

हे बिघडलेलं जनुक शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं, पण त्याकडे खाण्याच्या दृष्टीने पाहिलं ते अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या जॉन लॉफनन यांनी. आक्रसलेल्या दाण्यात स्टार्च कमी आणि साखर कितीतरी जास्त आहे, हे त्यांनी १९५३ साली मांडलं. आजच्या अतिगोड जातींची सुरुवात तिथून होते. त्याआधीचं जुनं गोड कणीस वेगळ्या बिघाडातून आलेलं होतं. त्यात साखळी बरीच पुढे जाऊन अडत असे, म्हणून ते कमी गोड आणि जास्त चिकट.

गंमत अशी की ही कथा मक्याच्याही आधी वाटाण्यात घडून गेलेली आहे. मेंडेलने १८६६ साली ज्या गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम मांडले, त्या सुरकुत्यांमागेही स्टार्च बनवणाऱ्या विकराचाच बिघाड होता. तो बिघाड कशाने झाला हे १९९० मध्ये उलगडलं: जागा बदलत फिरणाऱ्या जनुकांच्या जातकुळीतला एक तुकडा मध्येच घुसून बसला होता. अशी फिरती जनुकं जगात पहिल्यांदा बार्बरा मॅक्लिंटॉक यांना दिसली, तीही मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांत. त्यासाठी त्यांना १९८३ चं नोबेल मिळालं.

मक्याचा इतिहास बघितला तर माणसाने या झाडाकडून दोनदा काढून घेतलं आहे. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात टिओसिंट नावाचं रानगवत होतं. त्याच्या इवल्याशा कणसात पाच ते बारा दाणे, आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या टणक कवचात बंद. निवड करत करत तिथल्या माणसांनी ते कवच घालवलं. दाणे उघडे पडले, कणीस मोठं झालं, पण झाड परावलंबी झालं. आज मक्याचं कणीस जमिनीवर पडलं तर शेकडो दाणे एकाच जागी उगवून एकमेकांना मारतात. स्वीट कॉर्नमध्ये आपण त्याची शिदोरीही काढून घेतली.

असं बी ओल्या मातीत पडलं की काय होतं? ते पाणी पितं, फुगतं आणि त्याच्या पातळ, भेगाळलेल्या सालीतून आतली साखर मातीत पाझरते. बुरशीला आमंत्रण द्यायला तेवढं पुरे. म्हणून तो गुलाबी लेप. तो धुवून टाकायचा नसतो आणि लेप लागलेला हात तोंडालाही लावायचा नसतो. अंकुराजवळचा साठा मुळातच तुटपुंजा. त्यावर ढेकळाखालून वाट काढ, पपडी फोड, गारठ्यात थांबून राहा, असले हाल त्याला सोसत नाहीत. जमीन उबदार असेल तर चार-पाच दिवसांत ते वर यायला हवं. जास्त दिवस लागले की ओळीत खाडे पडलेच म्हणून समजा. आपल्याकडची नेहमीची संकरित मक्याची बियाणी थोडी चुकीची वागणूक सहन करतात. हे करत नाही.

आता ज्या जमिनीत ते पडणार, तिच्याकडे वळू.

नशिराबाद जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान, हमरस्त्यावर. उत्तरेला तापी, पूर्वेला साकेगावाजवळून जाणारी वाघूर. शिवार काळं, भारी. या काळ्या मातीचा जन्म ज्वालामुखीच्या खडकातला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले, डायनासोर नाहीसे झाले तोच हा काळ. त्या बेसाल्टची झीज होऊन जी चिकणमाती झाली, तिचा कण म्हणजे एकावर एक रचलेले सूक्ष्म पापुद्रे. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारतं, माती फुगते. पाणी गेलं की पापुद्रे मिटतात, माती आकसते. मे महिन्यात शिवारात गेलात तर हे डोळ्यांनी दिसतं: भेगा इतक्या रुंद की हात आत जातो, आणि कधी कोपरापर्यंत जातो.

या भेगांत उन्हाळाभर वरची भुसभुशीत माती, पालापाचोळा, वाऱ्याने आलेली धूळ पडत राहते. पाऊस पडला की खालची माती फुगते, पण भेगेत आधीच माती भरलेली. जागा कमी पडते, मग खालचा थर बाजूला आणि वर रेटला जातो. वर्षानुवर्षं असं चालल्याने ही जमीन स्वतःच स्वतःला खालीवर करते. नांगर न लावताही ती हळूहळू उलथत असते. मात्र पिकाचं एका हंगामाचं आयुष्य आणि जमिनीचं शतकांचं आयुष्य यांचा वेग जमत नाही, म्हणून नांगर लागतोच.

खानदेशात रब्बीचं रान मोकळं झालं की नांगरट उरकून घेण्याची घाई असते आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, शेतात मोठाली ढेकळं उन्हात तापत पडलेली दिसतात. नवख्याला हा आळस वाटतो. खरं तर त्या ढेकळांवर काम चाललेलं असतं. ऊन त्यांच्यातला ओलावाच नव्हे, तर नांगराने वर आणलेले हुमणीसारख्या किडींचे कोष आणि कुंद्याच्या गाठीही वाळवतं. मग रोहिणीचा किंवा मृगाचा पहिला दणका येतो. कोरडंठाक ढेकूळ एकदम भिजतं, पाणी चारही बाजूंनी बारीक पोकळ्यांत घुसतं आणि आतली हवा कोंडली जाते. दाब वाढतो आणि ढेकूळ आतून फुटतं. एक सुकलेलं ढेकूळ बादलीतल्या पाण्यात टाकून बघा. बुडबुडे निघतात, कडा सुटत जातात आणि थोड्या वेळात तळाशी नुसती रवाळ माती उरते. ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरला जे डिझेल जाळून जमतं, ते ऊन आणि एक पाऊस मिळून फुकट करून देतात. रोटाव्हेटरने पीठ केलेल्या मातीवर जोराचा पाऊस झाला की पपडी धरते आणि आपलं अशक्त बी तिच्याखाली अडकतं. म्हणून या पिकासाठी मला वखराच्या दोन पाळ्या रोटाव्हेटरच्या एका फेरीपेक्षा जास्त भरवशाच्या वाटतात.

पहिल्या पावसानंतर मात्र हात आखडता घ्यावा लागतो. काळी जमीन ओली असताना औत घातलं तर फाळाच्या पात्याखाली माती चोपली जाते, खाली गुळगुळीत थर बसतो आणि वर निघालेली ढेकळं वाळून दगड होतात. मग पुढचे तीन महिने ती तशीच. अति वाळू दिली तर औत चालत नाही. मधली जी वेळ असते, तोच वाफसा, आणि भारी जमिनीत तो दोन-चार दिवसच टिकतो. ओळखायची रीत जुनीच आहे. वीतभर खोलीवरून मूठभर माती काढायची, मुठीत दाबून गोळा करायचा आणि अंगठ्याने रेटायचा. चिकटून पसरला तर घरी परत. मोडून भुगा झाला तर औत जुंपा. कृषी विद्यापीठात याच गोष्टीसाठी ओलाव्याची टक्केवारी काढतात; बांधावर अंगठ्याने भागतं.

शेणखत शेवटच्या पाळीच्या आधी पसरतात. वीस गुंठ्यांना दोन-अडीच टन चांगलं कुजलेलं मिळालं तर उत्तम. अर्धवट कुजलेलं टाकू नये, त्यातून हुमणी येते. राज्यात मक्याला साधारण हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश सांगतात. नत्र तीन हप्त्यांत द्यायचं. खानदेशातल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत आणखी एक अडचण आहे. तिचा सामू आठच्या पुढे-मागे असतो आणि अशा मातीत जस्त असूनही मुळांना मिळत नाही. मका याबाबत फार नाजूक. उगवून दोन-तीन आठवडे झाले की कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढरट पट्टे उमटतात. हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट पेरणीच्या वेळी मातीत गेलेलं असेल, तर हे पट्टे बघायची वेळ येत नाही.

पेरणीचं अंतर दोन ओळींत ६० सेंमी आणि दोन झाडांत २० सेंमी. त्या हिशोबाने वीस गुंठ्यांत सुमारे १६,८०० झाडं आणि बियाणं दोन किलोच्या आसपास. पाभरीने पेरण्यापेक्षा टोकण बरी, कारण बियाणं महाग आहे आणि खोली हाताच्या ताब्यात राहते. पावसाळ्यात सरी-वरंबा किंवा गादीवाफा करून वरंब्याच्या बगलेला बी लावतात, म्हणजे पाणी साचलं तरी सरीत साचतं. खोली तीन-चार सेंमी, दोन बोटं. ओली माती बियाला चारही बाजूंनी भिडली पाहिजे, म्हणून टोकल्यावर पायाने हलकंसं दाबतात.

दोन बोटांचा नियम का, त्यामागे मक्याची एक करामत आहे. बियातून मूळ खाली गेलं की एक टोकदार आवरण वर सरकतं, आणि त्याला वर ढकलणारा दांडीसारखा भाग लांबत राहतो. किती लांबायचं हे कोण ठरवतं? उजेड. आवरणाचं टोक मातीच्या अगदी वरच्या थरापर्यंत आलं की प्रकाशाची चाहूल लागते आणि खालचा दांडा वाढायचा थांबतो. त्यामुळे बी कितीही खोल असलं, तरी झाडाचं खोड जिथून सुरू होतं तो बुंधा जमिनीखाली साधारण दोन सेंमीवरच येऊन बसतो. धडधाकट मक्याला सात-आठ सेंमी खोलीवरूनही हा प्रवास जमतो. स्वीट कॉर्नच्या बियाकडे तेवढा साठा नसतो. दांडा मध्येच थकतो आणि पिवळी पानं मातीतच उलगडून कुजतात.

उगवल्यावर पुढचे तीन-चार आठवडे मका आपल्याला चकवतो. वर पाच-सहा पानं डोलत असतात, पण वाढीचा खरा शेंडा अजून जमिनीखालीच असतो. शेळीने वरची पानं ओरबाडली तरी झाड बहुधा पुन्हा फुटतं. पाणी दोन दिवस तुंबलं तर मात्र तो शेंडाच गुदमरतो. याच काळात, गुडघ्याएवढंही झाड झालेलं नसताना, कणसावर दाण्यांच्या किती ओळी असतील हे आत ठरू लागतं. म्हणून पहिल्या महिन्यातली निंदणी आणि कोळपणी चुकवून चालत नाही. पुढे कितीही खत घातलं तरी न ठरलेल्या ओळी परत येत नाहीत.

ओळी नेहमी समसंख्येतच असतात, हे कधी मोजलंय? पुढचा भुट्टा हातात आला की मोजा: १२, १४, १६, १८. तेरा किंवा पंधरा सहसा सापडायचे नाहीत. कणसावर फुलांच्या कळ्या जोडीजोडीने धरतात आणि प्रत्येक कळीत एकच दाणा भरतो, त्यामुळे ओळही जोडीनेच येते.

आणि प्रत्येक दाण्याला स्वतःचा एक धागा असतो. कणसाच्या टोकाला जो रेशमी झुपका दिसतो, त्यातला एक एक तंतू आतल्या एका होऊ घातलेल्या दाण्यापासून निघालेला. पाचशे दाणे हवे असतील तर पाचशे तंतूंना पाचशे परागकण मिळायला हवेत. तुऱ्यातून लाखो परागकण झडतात, पण ते जड असतात आणि बहुतेक थोड्याच अंतरावर पडतात. तंतूच्या चिकट केसांवर कण पडला की काही मिनिटांत रुजतो, त्याची सूक्ष्म नळी तंतूच्या आतून वीतभर खाली उतरते आणि साधारण एका दिवसात दाण्यापर्यंत पोचते. कापसाच्या धुऱ्याला हौसेने एक ओळ मका लावणाऱ्याला अर्धवट भरलेली कणसं का मिळतात, ते यावरून कळेल: वारा आडवा आला की पराग शेजारच्या कपाशीवर. वीस गुंठे असतील तर लांबट पट्टा न करता चौकोनी तुकडा धरावा.

तंतू बुडाच्या दाण्यांचे आधी निघतात, टोकाचे शेवटी. ऑगस्टमध्ये पावसाने खंड दिला तर तंतू उशिरा बाहेर येतात, तोवर तुरा झडून जातो आणि टोक बोडकं राहतं. ठिबक असेल, आणि जळगावकराला ठिबकचं महत्त्व सांगायला नको, तर या दहा-बारा दिवसांत पाणी कमी पडू देऊ नये. परागीभवन झालं की नाही हे घरीच तपासता येतं. एखादं कणीस तोडून पाती अलगद काढायची, एकही तंतू न ओढता, आणि कणीस हलकेच झटकायचं. ज्या दाण्यात फळधारणा झाली त्याचा तंतू गळून पडतो. जे चिकटून राहिले, त्या दाण्यांना कुणी भेटलंच नाही.

शेजाऱ्याचा प्रश्न इथेच येतो. जळगाव जिल्ह्यात दाण्याचा मका भरपूर. त्याचा पराग तुमच्या स्वीट कॉर्नच्या तंतूवर पडला, तर त्याच कणसातला तेवढा दाणा पिठूळ निघतो. बापाचा गुण पुढच्या पिढीत नव्हे, याच हंगामात, याच कणसात दिसतो. असं का होतं ते १८९८ मध्ये नवाशिन या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने दुहेरी फलन दाखवल्यावर समजलं: परागनळीतून दोन नरपेशी येतात, एक अंकुर घडवते आणि दुसरी शिदोरीत मिसळते. शेजारच्या मक्याचं धडधाकट जनुक शिदोरीत आलं की तुटलेली साखळी जुळते आणि साखरेचा स्टार्च होतो. त्यामुळे एक तर अडीच-तीनशे मीटर अंतर, नाही तर पेरणीत तीन आठवड्यांचा फरक. अंतर आपल्या हातात नसतं. पेरणीची तारीख चहा पिता पिता शेजाऱ्याशी ठरवता येते.

तारीख उन्हाशीही जुळवावी लागते. पारा ३८ अंशांच्या वर गेला आणि हवा कोरडी असली की पराग तग धरत नाही. भुसावळ-जळगावचा एप्रिल त्याच्या कितीतरी पुढे जातो. उन्हाळी पीक मार्चअखेर तुऱ्यात यावं म्हणून जानेवारीत पेरावं, तर तेव्हा रात्री इतक्या गार की बी जमिनीतच कुजतं. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून इथे जून-जुलैची किंवा ऑक्टोबरची पेरणी सोयीची. पावसाळ्यात लष्करी अळीवर नजर ठेवावी लागते. मूळची अमेरिका खंडातली ही अळी भारतात पहिल्यांदा २०१८ साली कर्नाटकात दिसली आणि पाहता पाहता महाराष्ट्रात पसरली. पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसली की पान उलगडून बघा: डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढावा तशी फिकट रेघ, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. असेल तर ती हीच.

तंतू निघाल्यावर वीस-बावीस दिवसांनी ते तपकिरी पडून वाळतात. दाण्याला नख लावलं की दुधासारखा रस उडायला हवा. पाण्यासारखा निघाला तर घाई झाली, घट्ट लगदा निघाला तर उशीर. तोडणीची ही संधी चार-पाच दिवसांचीच असते, म्हणून सगळे वीस गुंठे एकदम न टोकता आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन टप्पे करावेत. तोड पहाटे. जुन्या गोड जातींची साखर ३० अंशांच्या उष्णतेत एका दिवसात निम्म्याहून अधिक घटायची. आताच्या अतिगोड जाती जास्त तग धरतात, पण रस त्यांचाही आटतो. भुसावळ आणि जळगाव दोन्ही बाजार जवळ असणं ही नशिराबादची इथली खरी कमाई.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात टोकलेलं रान सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रिकामं होतं. हिरवी ताटं त्याच दिवशी कुट्टी करून म्हशींना. कापूस असता तर रान डिसेंबर-जानेवारीपर्यंत अडकून पडलं असतं. इथे एक वखराची पाळी देऊन ओल धरायला वेळ मिळतो. खानदेशी घरात अशा ओलीवर दादर ज्वारी पेरायची सवय आहे आणि तिचा कडबाही सोन्यासारखा. तरीही, मक्याने नत्र उपसून नेलेल्या रानात लागोपाठ दुसरं तृणधान्य घालण्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये हरभरा टाकावा, असं मला वाटतं.